दुसऱ्याच्या हातचे भाषण

स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाची गोष्ट निघाली की आमचे नाशिककर मित्र किंचित ओशाळतात. पुण्यास भिडेवाडा होता, हुजुरपागा आहे, हिंगणे आहे. मुंबईस तर काय नाही? आपल्या गावाची पुंजी म्हणजे गोदावरी, काळाराम आणि बारा वर्षांनी येणारा कुंभमेळा, असा त्यांचा समज. तो सर्वस्वी खोटा नाही. तथापि शाळेत शिकलेली स्त्री शाळा चालविणारी कशी होते आणि तिला तसे होण्यास कोणाचे साहाय्य लागते, हा जो प्रश्न आज आम्हांस विचारात घ्यावयाचा आहे, त्याच्या इतिहासातील दोन पावले याच जिल्ह्यात पडलेली आहेत. दोन्ही लहान होती आणि त्या काळी फारशी कोणाच्या नजरेत भरली नाहीत.

पहिले पाऊल १८७८ च्या सुमाराचे. माधवराव रानडे यांची तेव्हा नाशिकास बदली झाली होती. त्यांचा जन्म १८४२ साली निफाडास झालेला, म्हणजे हा जिल्हा त्यांस परका नव्हे. लोकहितवादी गोपाळराव देशमुख हेही त्याच काळात न्यायखात्याच्या नोकरीत नाशिकास होते, हा एक शुभ योगच म्हणावयाचा. माधवरावांबरोबर रमाबाई होत्या, वय सोळा. पाच वर्षांपूर्वी लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि अक्षरओळख मुळीच नव्हती. माधवरावांनी शिकविण्यास आरंभ केला तो लगेच. परंतु पुण्याच्या घरी वडीलधाऱ्या बायकांचा राबता मोठा, आणि सुनेच्या हाती पुस्तक दिसणे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. टोमणे, अबोला, मुद्दाम लावलेली कामे, हे सर्व रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात कोणाविषयीही कडवटपणा न ठेवता लिहिले आहे. बदलीच्या गावी त्या घराचा धाक सैल झाला. माधवरावांनी घरखर्चाचा हिशेब पत्नीकडे सोपविला तोही याच दिवसांत. चरित्रकार रमाबाईंच्या वाचनाविषयी भरभरून लिहितात आणि या हिशेबाचा उल्लेख ओझरता करून पुढे जातात. आमच्या मते दोहोंत हिशेबाचे महत्त्व कमी नाही. पैसा कोठून आला, कोठे गेला आणि महिनाअखेर तो का पुरला नाही, याचा जाब ज्या माणसास द्यावा लागतो, त्याचे शिक्षण निराळ्याच जातीचे होते.

नाशिकातच एका शाळेच्या समारंभात रमाबाई प्रथम चारचौघांत बोलल्या. बोलल्या म्हणण्यापेक्षा वाचून दाखविले म्हणणे योग्य. कारण भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. याच समारंभाची एक आठवण सांगतात. पाहुण्या मडमेस हार घालून झाल्यावर साहेबांसही हार घालण्याची वेळ आली, तेव्हा रमाबाईंनी तो घालण्याचे नाकारले. परपुरुषाच्या गळ्यात हार घालणे त्यांस रुचले नाही. उपस्थितांपैकी एका वडील गृहस्थांनी पुढे होऊन वेळ साजरी केली. आजच्या वाचकास हा प्रसंग सोवळेपणाचा वाटेल, आणि हसूही येईल. आम्हांस मात्र त्यात दुसरे काही दिसते. त्या दिवशीचे शब्द उसने होते. नकार स्वतःचा होता. काय करावयाचे आणि काय नाही हे ती सोळा वर्षांची मुलगी भर सभेत स्वतः ठरवीत होती.

पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल असावे या खटपटीत रमाबाईंनी गव्हर्नरसाहेबांसमोर इंग्रजीत भाषण वाचले. तेही रानड्यांच्याच साहाय्याने. हे हायस्कूल, म्हणजे आजची हुजुरपागा, १८८४ साली निघाले. १९०१ मध्ये माधवराव वारले. वैधव्याचे आरंभीचे दिवस रमाबाईंनी जवळजवळ एकांतात काढले. मग १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे राहिले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांचे अपार कष्ट त्यामागे होते, आणि रमाबाई १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्याच्या अध्यक्षा होत्या. विधवांस शिक्षिका करावे, परिचारिका करावे, त्यांच्या घरच्या मंडळींची समजूत घालावी, वर्गणीसाठी श्रीमंतांचे उंबरे झिजवावे, ही कामे काही कोणी लिहून दिलेल्या भाषणाने होत नाहीत. नाशिकच्या सभेपासून सेवासदनापर्यंत तीस वर्षांचे अंतर आहे. शाळेतील वर्ग मोजून शिक्षण झाले असे म्हणणाऱ्यांनी हे अंतर ध्यानात ठेवावे.

येथे आमच्या पदरचा एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी तो सांगताना संकोच होतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या प्राचार्यपदासाठी निवडसमितीत आम्ही बसलो होतो. उमेदवारांत एक बाई होत्या. वीस वर्षांहून अधिक अध्यापन झालेले. विषयावर प्रभुत्व असे की आमच्यातील दोघांनी त्यांच्याकडून शिकावे. कोणीतरी नित्याचा प्रश्न विचारला, "कारभाराचा अनुभव?" बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, स्नेहसंमेलनाच्या स्वागताची आणि रांगोळीची जबाबदारी माझ्याकडे नेहमी असते. परीक्षाविभाग आणि अंदाजपत्रक यांच्या समित्यांवर मला आजवर कोणी घेतले नाही." आम्ही कागदावर 'अनुभव नाही' असा शेरा लिहिला आणि दुसऱ्या गृहस्थांची निवड केली. ते गृहस्थ चांगलेच आहेत. परंतु त्या शेऱ्याचे उत्तरदायित्व बाईंकडे होते की त्यांना वीस वर्षे समित्यांबाहेर ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांकडे, हा प्रश्न घरी येताना मनात उभा राहिला आणि अद्याप गेलेला नाही. माधवरावांनी १८७८ साली सोळा वर्षांच्या पत्नीच्या हाती हिशेबाची वही दिली, आणि आम्ही एका विदुषीस वीस वर्षांत ती दाखविलीसुद्धा नाही!

असो. इतिहासाकडे वळू.

आरंभीच्या काळात स्त्रीस कारभार मिळाला तो बहुधा नात्याच्या वाटेने. जोतीराव फुल्यांनी सावित्रीबाईंस घरी शिकविले, मित्रांकडून पुढील पाठ देवविले, आणि १८४८ साली पुण्यात शाळा निघाली तेव्हा त्यांस शिक्षिकेच्या जागी उभे केले. जोतीराव १८९० साली गेल्यानंतर सत्यशोधक समाजाचे काम त्या पाहू लागल्या. १८९३ च्या सासवडच्या अधिवेशनाच्या अध्यक्षा त्याच होत्या. परंतु ज्या स्त्रीस असा पती नाही तिने काय करावे? मिस मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेल्यावर स्त्रीशिक्षिका तयार करण्याकडे सरकारचे लक्ष वळले, ट्रेनिंग कॉलेजे निघाली, सनदा मिळू लागल्या. सनदेने वर्ग मिळाला. किल्ल्या मात्र दुसऱ्याच्या कमरेस राहिल्या. हुजुरपागेच्या पहिल्या लेडी सुपरिंटेंडेंट मिस हरफर्ड या होत्या. एतद्देशीय बाईने ते आसन सांभाळावे अशी तयारी झालेली बाई त्या वेळी कोठून आणावयाची, ही अडचण खरीच होती. मात्र तशी बाई घडविण्याचे काम स्वतंत्रपणे करावे लागते, ते केवळ शाळा काढल्याने होत नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

ज्यांच्या आले त्यांत धोंडो केशव कर्वे अग्रगण्य. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला व पुढे तो हिंगण्यास नेला. अण्णा स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी हिंगण्याची वाट पायी तुडवीत. म्हणजे आश्रमाचा दिवस त्यांच्यावाचूनच पार पडावयाचा. ही अडचण होती की युक्ती, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. पण परिणाम असा झाला की मुलींची देखरेख, कोठी, आजारपणे, भांडणे यांचा निकाल तेथील बायकांनीच लावावयाचा असे ठरून गेले.

पार्वतीबाई आठवले या अण्णांच्या मेहुणी, १८७० सालच्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले. पदरी एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्यांनी अभ्यासास आरंभ केला. अशा बाईस फार तर शिवणकामाची शिक्षिका करावे असे कोणा शहाण्याने सुचविले असते. अण्णांनी त्यांस वसतिगृहाची व्यवस्था पाहावयास लाविले आणि पुढे वर्गणी गोळा करण्यासाठी गावोगाव पाठविले. परक्या गावी उतरावयाचे, अनोळखी माणसांपुढे विधवांच्या शिक्षणाची बाजू मांडावयाची, नकार ऐकून घ्यावयाचे आणि आलेल्या पैशाचा चोख हिशेब द्यावयाचा. यापेक्षा कठीण ट्रेनिंग कॉलेज आम्हांस ठाऊक नाही. १९०८ साली अण्णांनी निष्काम कर्म मठ काढला. संस्थांसाठी आयुष्य वाहण्याची शपथ घेणाऱ्यांत पुरुषांबरोबर बायकाही होत्या, आणि पार्वतीबाई त्यांत होत्या. बायकांनी काम करावे आणि पुरुषांनी ठराव करावे ही वाटणी जेथे तेथे रूढ होती, त्या काळी त्यांस संस्थेच्या घटनेतच जागा मिळाली, हे विशेष.

पार्वतीबाईंची पुढील हकीकत कादंबरीत शोभण्यासारखी आहे. इंग्रजीवाचून आपले काम अडते असे त्यांस वाटे. म्हणून १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करून राहिल्या, भाषा जमेल तेवढी शिकल्या आणि १९२० मध्ये परत येऊन पुन्हा कामास लागल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ सालचे. त्यात स्वतःच्या चुका त्या ज्या मोकळेपणाने सांगतात, तो मोकळेपणा आमच्या विद्वान आत्मचरित्रकारांस क्वचितच साधला आहे. ज्या संस्थेत चुकण्याची सोय होती तेथेच असे माणूस तयार होते, असे आम्हांस वाटते. अर्थात हेही नातेच. पार्वतीबाई कर्व्यांच्या मेहुणी नसत्या तर हिंगण्यास त्या पोचल्या असत्या किंवा नाही, कोण जाणे.

नात्याची ही वाट सोडून एका स्त्रीने दुसऱ्या, सर्वस्वी परक्या स्त्रीस हाताशी धरल्याचे जे उत्तम उदाहरण आमच्या वाचनात आहे, त्याचे एक टोक पुन्हा नाशिक जिल्ह्यात येते. हेच ते दुसरे पाऊल. अनुताई वाघ १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगावी जन्मल्या. तेराव्या वर्षी विवाह, आणि काही महिन्यांतच वैधव्य. शिक्षिकेची परीक्षा त्या १९२९ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या, आणि नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यात त्यांची शिक्षिकेची नोकरी सुरू झाली. एकोणीस वर्षांची विधवा मुलगी खेड्यात शिकवावयास येते, तेव्हा तिच्याकडे गाव कोणत्या नजरेने पाहते हे सांगावयास नको. तेथून त्या पुण्यास हुजुरपागेत आल्या. नोकरी करता करता रात्रीच्या शाळेत शिकून मॅट्रिक झाल्या. सुरक्षित नोकरी, ओळखीचे शहर. बहुतेकांची कहाणी येथे संपते.

१९४५ साली बोरिवलीस ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. तेथे ताराबाई मोडकांची गाठ पडली. ताराबाई १८९२ च्या, मुंबईच्या पदवीधर. राजकोटच्या बार्टन स्त्री ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची मोठी जागा सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरास गिजुभाई बधेका यांजकडे बालशिक्षणाचे काम शिकावयास गेल्या होत्या. प्राचार्यपदावरून उठून पुन्हा उमेदवारी पत्करणे हे पुरुषांसही साधत नाही. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार. आता खेड्यातील गरिबांच्या मुलांसाठी बोर्डीस केंद्र काढावयाचे होते आणि बरोबर येणारे माणूस हवे होते. अनुताई तयार झाल्या. एकीचे वय त्रेपन्न, दुसरीचे पस्तीस.

मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. गुरे राखणारी वारली मुले अंगणातही सापडत नाहीत, तर शाळा त्यांच्यामागे कुरणात न्यावी, म्हणून कुरणशाळा. कल्पनांचा उगम ताराबाईंकडे. परंतु उन्हात कुरणावर बसून ती शाळा खरोखर भरते किंवा नाही हे पाहण्याचे काम अनुताईंचे. १९५७ मध्ये हे सर्व काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई थकत चालल्या तसा कारभार अनुताईंकडे आला. एखाद्या दिवशी समारंभ करून तो दिला गेला नाही, वर्षानुवर्षे थोडा थोडा हाती येत गेला. याच काळात, पन्नाशी ओलांडल्यावर, अनुताई बी. ए. झाल्या. पदवी अगोदर आणि अधिकार मागाहून, हा क्रम आम्हां प्राध्यापकांस वेदवाक्यासारखा वाटतो. कोसबाडास तो उलटा झाला आणि काही बिघडले नाही.

आमच्या निवडसमितीने अनुताईंस पस्तिसाव्या वर्षी पाहिले असते तर कोणता शेरा लिहिला असता, हे वाचकांनीच ताडावे.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. थोर संस्थापकामागे संस्था पोरकी होते, असा अनुभव महाराष्ट्रात वारंवार येतो. कोसबाडास तसे झाले नाही. अनुताईंनी तेथील काम पुढे एकोणीस वर्षे, म्हणजे १९९२ साली स्वतःच्या अखेरीपर्यंत, सांभाळले. एवढ्यावरही त्या थांबल्या नाहीत. १९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, डहाणू तालुक्यातच दाभोण येथे रमेश पानसे यांच्या जोडीने ग्राममंगल या नव्या संस्थेचा आरंभ त्यांनी केला, आणि आदिवासी मुलांची शाळा तेथे पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू झाली.