पाढ्यांचा कागद

ऑफिसात माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या डेटातल्या चुका शोधणं. याला कुणी टाळ्या वाजवत नाही. म्हणूनच कॅरोलाइन हर्शेल मला जवळची वाटते.

जन्म १७५० चा, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. दहाव्या वर्षी टायफस झाला आणि उंची सव्वाचार फुटांवरच थांबली. हिचं लग्न व्हायचं नाही, घरकाम करत राहील, असं घरच्यांनी धरून टाकलं. १७७२ मध्ये भाऊ विल्यम तिला इंग्लंडला घेऊन गेला. तिथे ती गायिका झाली. पुढे भावाला आकाशाचं वेड लागलं, तेव्हा तो दुर्बिणीपाशी आणि ही रात्र रात्र नोंदी घेत बसलेली. शिक्षण धड झालेलं नव्हतं. आकडेमोड करताना ती पाढ्यांचा कागद जवळ ठेवायची.

१ ऑगस्ट १७८६ ला तिला पहिला धूमकेतू सापडला. पुढच्या वर्षापासून राजाकडून ५० पौंड वार्षिक पगार सुरू झाला.

मला मात्र तिचं १७९८ चं काम जास्त भावतं. फ्लॅमस्टीड या ज्योतिर्विदाची तारकासूची तिने त्याच्याच मूळ नोंदींशी ताडून पाहिली. चुका काढल्या, राहून गेलेले ५६० तारे नोंदवले.

ती ९७ वर्षं जगली. ‘आजार असूनही’ म्हणून तिची गोष्ट सांगतात, तेव्हा मला तो कागद आठवतो. जे येत नव्हतं, ते तिने समोर ठेवलं आणि कामाला लागली.

मी विसरतो त्या कमांड पूर्वी लपून गूगल करायचो. आता त्यांची चिठ्ठी मॉनिटरला उघड चिकटवली आहे.