महाडचा लाल विंचू आणि रक्तातील साखर

विंचू चावलेला माणूस विषाने दगावतो, असा समज आहे. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात तो बहुधा स्वतःच्याच ॲड्रेनॅलिनने दगावत असे.

१९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्ण येत ते शेतातून, गवताच्या भाऱ्यांजवळून. आधी वांती, दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय. काही तासांत धाप आणि तोंडाला गुलाबी फेस. गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. बावस्कर रात्ररात्र खाटेशी बसून नाडी, रक्तदाब टिपत राहिले. धोक्याची पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली.

घडत होते ते असे. विष मज्जातंतूंमधील सोडियमची दारे उघडीच ठेवते. अनुकंपी मज्जासंस्था अखंड पेटते, रक्तात ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिनचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते.

याच पुरात स्वादुपिंडातील इन्सुलिनचा स्राव दबतो आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते. निरोगी शेतमजूर काही तासांपुरता मधुमेह्यासारखा होतो! मज्जासंस्था आणि साखरेचे हे नाते नवे नव्हते. १८४९ मध्ये क्लोद बर्नार याने सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचून त्याच्या लघवीत साखर आणली होती. उलट दिशाही खरी: मधुमेहात इन्सुलिन फारच कमी पडले, की ताणाची संप्रेरके उसळतात आणि साखर आणखी चढते. हैदराबादचे के. राधाकृष्ण मूर्ती यांनी तर विंचूदंशावर इन्सुलिनच द्यावे, असा आग्रह धरला.

बावस्करांचा मार्ग वेगळा. रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी, प्राझोसिन. ती अल्फा ग्राहके अडवते. ॲड्रेनॅलिन असूनही रक्तवाहिन्या सैलावतात. १९८६ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरले. खेड्यातल्या डॉक्टरला अतिदक्षता विभाग नसतानाही हे साधले, हे विशेष.

२०११ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह महाडलाच केलेली चाचणी ‘बीएमजे’त छापली गेली: प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले, तर रुग्ण आणखी लवकर सावरतो.