विलग्नवासाची परंपरा आणि खाऱ्या पाण्यातील मत्स्यपालन : यवतमाळच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला यवतमाळ जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील मत्स्यव्यवसाय रोहू, कटला, मृगळ अशा गोड्या पाण्यातील माशांवर आधारलेला आहे. खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी येथे ठेवायची तर पाणी समुद्री मिठाचे मिश्रण विरघळवून तयार करावे लागते आणि मासा अनेक हातांतून प्रवास करीत येतो. म्हणूनच नवा मासा थेट मुख्य टाकीत न सोडता काही काळ वेगळा ठेवणे अगत्याचे ठरते. या खबरदारीमागील विचाराचा ऐतिहासिक मागोवा घेणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

विलग्नवासाचा उगम :

प्लेगच्या भीतीने एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा या बंदराने १३७७ साली बाहेरून येणाऱ्यांसाठी तीस दिवसांचा विलग्नवास ठरविला. पुढे हा काळ चाळीस दिवसांचा झाला. 'क्वारंटाइन' हा शब्द चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला आहे. रोगजंतू अज्ञात असल्याने हा कालावधी शास्त्रापेक्षा संकेतावर अधिक आधारलेला होता.

महाराष्ट्राचा अनुभव :

१८९६ साली मुंबईत प्लेग पसरला व १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात सैनिकांकरवी घरांची झडती घेऊन रुग्णांना व संशयितांना सक्तीने हलविण्यात आले. त्यातून उसळलेल्या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर केलेल्या हल्ल्यात झाली. विलगीकरणाचा हेतू रास्त असला, तरी वेगळे ठेवलेल्याची प्रतिष्ठा व शुश्रूषा दुर्लक्षिली गेल्यास तो उपाय जुलूम ठरतो, हा या घटनेचा बोध होय. त्यानंतर पुढच्याच वर्षी, १८९८ साली, पशुधन आयात कायदा अस्तित्वात आला आणि परदेशातून येणाऱ्या जनावरांबाबत हाच विचार कायद्यात उतरला.

मत्स्यालय व परजीवी :

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. अनेक समुद्रांतील मासे एका पाण्यात आल्याने रोगांनाही एकत्र येण्याची संधी मिळाली. ई. एम. ब्राउन यांनी १९३१ साली सागरी माशांच्या कल्ल्यांवरील एका घातक परजीवीचे वर्णन केले. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग निर्माण करणाऱ्या दुसऱ्या परजीवीला 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' हे नाव त्यांनीच १९५१ साली दिले. योगायोगाने त्याच वर्षी मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय खुले झाले.

या परजीवीचे जीवनचक्र विलग्नवासाचा खरा आधार स्पष्ट करते. तो माशाच्या अंगावर काही दिवस वाढतो, मग गळून पडतो आणि टाकीच्या तळाशी कोश करून राहतो. कोशातून नवे जीव बाहेर पडण्यास सर्वसाधारणपणे ३ ते २८ दिवस, प्रसंगी त्याहून अधिक काळ लागतो. ठिपके नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला, हा समज त्यामुळेच फसवा ठरतो. चार ते सहा आठवड्यांच्या विलग्नवासाला येथे निरीक्षणाचे अधिष्ठान लाभते. शिवाय, या रोगावर प्रभावी असलेले तांबेयुक्त औषध प्रवाळ व अन्य अपृष्ठवंशीय जीवांना मारक असल्याने मुख्य टाकीत वापरता येत नाही. त्यामुळे उपचारासाठीही स्वतंत्र टाकी लागते.

भारतीय मत्स्यशेतीनेही हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. १९९४ पासून पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने कोळंबीशेतीची अपरिमित हानी केली. पुढे २००९ साली वनामी कोळंबीच्या आयात जनकसाठ्यासाठी चेन्नईत नीलांगराई येथे विलग्नवास केंद्र उभे राहिले.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, विलग्नवासाचे यश दोन गोष्टींवर अवलंबून असते : रोगाच्या सुप्त काळाचे ज्ञान आणि वेगळे ठेवलेल्या जीवाची निगा. विलग टाकीत स्वच्छ पाणी, लपण्यास आडोसा, पुरेसा प्राणवायू व नियमित खाद्य नसेल, तर मासा रोगाऐवजी उपेक्षेने मरेल. बाहेरून आणलेले मत्स्यबीज तळ्यात सोडणाऱ्या यवतमाळच्या मत्स्यपालकासही हाच विचार लागू पडतो. नवागतास थांबविणे म्हणजे त्याला नाकारणे नव्हे, तर दोघांच्याही हितासाठी त्याला सुरक्षितपणे सामावून घेण्याची ती पूर्वतयारी होय.