टोर्नेडोची छायाचित्रे आणि 'भिंत-मेघ'

अमेरिकेतील तत्कालीन डकोटा प्रदेशात, हॉवर्ड गावाजवळ, २८ ऑगस्ट १८८४ रोजी टिपलेले छायाचित्र हेच टोर्नेडोचे आद्य छायाचित्र होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. मध्ये जाड सोंड व दोन्ही बाजूंस दोन बारीक सोंडा, असे ते भयप्रद दृश्य आहे. परंतु त्यावर कुंचल्याचे संस्कार बरेच झाले असावेत, असे अभ्यासक मानतात. शिवाय त्याच वर्षी २६ एप्रिल रोजी कॅन्ससमधील अँडरसन परगण्यात ए. ए. अ‍ॅडम्स यांनी घेतलेले छायाचित्र त्याहून चार महिने आधीचे आहे. त्यातील सोंड दोरीसारखी बारीक, विरत चाललेली. लोकांच्या नजरेत हॉवर्डचेच चित्र भरले, यात नवल नाही.

याच दशकात जॉन पार्क फिनली टोर्नेडोचे पूर्वानुमान करू पाहत होते. वरिष्ठांनी मात्र, लोक भयभीत होतील या सबबीवर, तो शब्दच अधिकृत अंदाजांतून वगळला. १९३८ पर्यंत ही शब्दबंदी टिकली! वस्तू न टळता तिचे नाव तेवढे टळले, हे भाषाभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

छायाचित्रास खरे पुराव्याचे मोल आले ते २० जून १९५७ च्या फार्गो येथील टोर्नेडोमुळे. नागरिकांनी टिपलेली सुमारे १५० छायाचित्रे शिकागो विद्यापीठातील तेत्सुया फुजिता यांनी मिळवली. चित्रांतील इमारती व खुणा यांवरून कोण कोठे उभा होता, हे त्यांनी ठरवले; मग कोन मोजून व चित्रे कालक्रमाने लावून मेघाची उंची, रुंदी आणि गती काढली. १९६० च्या त्यांच्या प्रबंधात 'भिंत-मेघ' व 'पुच्छ-मेघ' या अर्थाच्या इंग्रजी संज्ञा प्रथम आल्या. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उष्ण, दमट हवा खाली, कोरडी हवा वर, आणि उंचीगणिक दिशा व वेग बदलणारे वारे, अशा स्थितीत गडगडाटी मेघाचा ऊर्ध्वप्रवाह स्वतःभोवती फिरू लागतो. पावसाने गारठलेली दमट हवा त्यात ओढली गेली की ती कमी उंचीवरच सांद्रित होते आणि मेघाचा तळ खाली उतरतो. हाच भिंत-मेघ, सोंड बहुधा येथूनच निघते.

मराठीत 'चक्रीवादळ' हा शब्द शेकडो मैल व्यापणाऱ्या सागरी वादळासाठी रुळला आहे, आणि 'वावटळ' उन्हाळ्यातील धुळीच्या भोवऱ्यासाठी. वृत्तपत्रे टोर्नेडोस कधी हा, कधी तो शब्द योजतात. दोन्ही चूकच, तूर्त 'टोर्नेडो' हाच शब्द ठेवलेला बरा.