हरण्याचा भाव

वाचकहो, खेळात हरणे ही काही लाजेची गोष्ट नव्हे. दोघे झुंजले म्हणजे एकाची पाठ मातीला लागायचीच. पण हरण्यातच आपला फायदा आहे, असा हिशेब आधी कागदावर मांडून कोणी मैदानात संघ उतरवला, तर त्याला काय म्हणाल? लबाडी म्हणाल. आणि तो हिशेब करायला त्याला खेळाच्या नियमांनीच शिकवले असेल, तर?

अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलमध्ये हा प्रश्न कित्येक वर्षे घोळतो आहे. त्यातली मौज अशी, की हा घोळ कोणा दुष्ट माणसाने घातलेला नाही. दुबळ्याला हात द्यावा, ह्या सद्बुद्धीतूनच तो निघाला.

त्याचे मूळ बास्केटबॉलमध्येही नाही. ते अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, लांबट चेंडू काखेत मारून धावायचा तो.) १९३५ साली फिलाडेल्फियाच्या ‘ईगल्स’ संघाचे मालक बर्ट बेल ह्यांनी इतर मालकांपुढे एक सूचना ठेवली. कॉलेजांतून बाहेर पडणारे चांगले खेळाडू दरवर्षी पैसेवाले संघ उचलून नेतात, आणि गरीब संघ गरीबच राहतात. तेव्हा ह्या नव्या खेळाडूंची नावे एका यादीत लिहावीत, आणि गेल्या हंगामात जो तळाला राहिला त्याने त्यातून पहिला खेळाडू निवडावा. मग त्याच्या वरच्याने, मग त्याच्या वरच्याने. विजेत्याची पाळी सर्वांत शेवटी. १९३६ च्या फेब्रुवारीत अशी पहिली निवड झाली, आणि पहिली पाळी आली ती खुद्द बेल ह्यांच्याच ईगल्सची! ह्या पद्धतीला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आपणही तोच शब्द ठेवू.

पुढे १९४७ पासून बास्केटबॉलने हीच रीत उचलली. पण फुटबॉल आणि बास्केटबॉल ह्यांत एक मोठा फरक आहे. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूचे पाचच खेळाडू असतात. पाचांतला एक असामान्य निघाला तर संघाचे सारे नशीब फिरते. आपल्या क्रिकेटमध्ये एकटा फलंदाज कितीही मोठा असला तरी उरलेले दहा त्याला बुडवू शकतात. इथे तसे नाही. त्यामुळे ड्राफ्टमधील पहिल्या पाळीला बास्केटबॉलमध्ये भलताच भाव आला.

तो भाव किती, हे १९६९ साली सगळ्यांनी पाहिले. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, १९६६ पासून पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांतील शेवटच्या दोन संघांत नाणेफेक होई, आणि जिंकणारा पहिली निवड करी. त्या वर्षी नाणेफेक होती मिलवॉकी आणि फिनिक्स ह्यांच्यात. दोन्ही संघ नवे, जेमतेम एका वर्षाचे. पलीकडे यादीत उभा होता सात फुटांहून उंच ल्यू अल्सिंडर, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार ह्या नावाने जगाला माहीत झाला. फिनिक्सकरांनी छापा मागावा की काटा, हे शहरातील प्रेक्षकांच्या कौलावर ठरवले. कौल आला छापा. पडला काटा. आदल्या हंगामात ८२ पैकी २७ सामने जिंकणारा मिलवॉकीचा संघ पुढच्याच हंगामात ५६ जिंकून बसला, आणि १९७१ साली अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला. एका नाण्याची ही करामत!

आता नाणेफेकीच्या पाटावर बसायला मिळावे, म्हणून विभागात शेवटचे येणे आले. इथून पुढे गोष्ट बिघडत जाते.

१९८३ साली ह्यूस्टनच्या ‘रॉकेट्स’ संघाने ६८ सामने हरून नाणेफेक मिळवली, ती जिंकली, आणि राल्फ सॅम्पसन हा उंचापुरा खेळाडू घेतला. पुढच्या हंगामात संघ बऱ्यापैकी खेळू लागला होता. पण त्या वर्षीच्या यादीत ह्यूस्टनच्याच विद्यापीठातला, नायजेरियात जन्मलेला हकीम ओलाजुवान येणार होता. आणि हंगामाच्या उत्तरार्धात रॉकेट्स एकाएकी हरू लागले. शेवटच्या दहा सामन्यांपैकी नऊ हरले. १९८४ च्या एप्रिलमध्ये हंगाम संपता संपता सॅन अँटोनिओविरुद्ध एक सामना जादा वेळेत गेला. त्यात एल्विन हेज ह्या ३८ वर्षांच्या, निवृत्तीला टेकलेल्या खेळाडूला प्रशिक्षकाने पन्नासहून अधिक मिनिटे मैदानात ठेवले. त्या हंगामात हा गृहस्थ सामन्यामागे सरासरी बारा मिनिटे खेळत होता! अर्थात हेज ह्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. त्यांच्या साऱ्या कारकीर्दीची बेरीज बरोबर ५०,००० मिनिटांवर थांबली. एका थोर खेळाडूला तो आकडा गाठू दिला, असे कोणी म्हणाले तर ते खोडून काढणे अवघड आहे. पण रॉकेट्सनी सारे मिळून २९ सामने जिंकले, त्यांच्या वरच्या सॅन दिएगोने ३०. एका सामन्याच्या फरकाने ह्यूस्टन पश्चिम विभागात तळाला आला. नाणेही त्यांच्याच बाजूने पडले. ओलाजुवान मिळाला, आणि १९९४ व १९९५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे त्याने ह्यूस्टनला मिळवून दिली. (त्याच यादीत तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डन घेतला, तो नाणेफेकीविना मिळाला.)

हा प्रकार इतका उघड झाला, की त्याच उन्हाळ्यात मालकांनी नाणेफेक बंद केली आणि लॉटरी आणली.

१२ मे १९८५. न्यूयॉर्कमधील वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेल. पारदर्शक पिंपात सात पाकिटे. बाद फेरीपर्यंत न पोचलेल्या सातही संघांना सारखीच संधी. कमिशनर डेव्हिड स्टर्न ह्यांनी पाकीट काढले. पहिली पाळी मिळाली न्यूयॉर्कला, म्हणजे सर्वांत बड्या शहराला, आणि त्यांनी पॅट्रिक युइंग घेतला. न्यूयॉर्कचे पाकीट आधी बर्फात गार करून ठेवले होते, म्हणजे कमिशनरच्या बोटांना ते कळावे, अशी कंडी लगेच पिकली. पुरावा काडीचाही नाही. पण चाळीस वर्षांत ती विझलेली नाही. खरी दुखरी बाजू वेगळीच होती. सर्वांत कमी सामने जिंकलेल्या दोन संघांपैकी गोल्डन स्टेटचा संघ ह्या सोडतीत थेट सातव्या पाळीवर फेकला गेला. बर्ट बेल ह्यांनी ज्याच्यासाठी ही व्यवस्था मांडली, तो दुबळाच सोडतीत रिकाम्या हाताने परतला.

सगळी मेख इथेच आहे, वाचकहो. शेवटच्या संघाला जितके जास्त द्याल, तितके शेवटचे येण्याचे आमिष वाढते. आमिष कमी करायला जावे, तर जो खरोखर दुबळा आहे त्याच्या तोंडचा घास जातो. आपल्याकडे म्हणतात, झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही. इथे त्याही आधीची अडचण आहे : झोपलेला कोण आणि सोंग घेतलेला कोण, हेच बाहेरून कळत नाही. सॅन अँटोनिओचेच पाहा. १९९६-९७ च्या हंगामात त्यांचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीने जवळजवळ सबंध वर्ष बाहेर राहिला. आदल्या वर्षी ५९ सामने जिंकलेला संघ २० वर आला. सोडत त्यांना लागली, टिम डंकन मिळाला, आणि त्याच्यासह पुढे पाच अजिंक्यपदे. ह्याला आजारपण म्हणायचे की आणखी काही? मी तर आजारपणच म्हणेन; पण फायदा तोच झाला, जो सोंग घेणाऱ्याला होतो.

म्हणून नियमांचा लंबक इकडून तिकडे हेलकावतच राहिला. १९८७ पासून सोडत पहिल्या तीनच पाळ्यांपुरती ठेवली, म्हणजे तळाचा संघ चौथ्याच्या खाली जाऊ नये. १९९० पासून तळाच्या संघाला ६६ पैकी ११ संधी, त्याच्या वरच्याला १०, अशी उतरंड लावली. तर १९९३ साली ऑर्लँडोच्या संघाने, ४१ सामने जिंकून आणि ४१ हरून, ६६ पैकी एकुलत्या एका संधीवर पहिला क्रमांक पटकावला. आणि आदल्या वर्षीही तोच संघ पहिला होता! पुन्हा ओरड. मग १९९४ पासून तळाच्या संघाचा वाटा शेकडा २५ वर नेला. सोडतीसाठी पिंगपाँगचे चौदा चेंडू; त्यांतले चार काढायचे. गणित करून पाहिलेत तर १,००१ जोडण्या निघतात. एक हजार संघांत वाटायच्या, आणि उरलेली एक अनाथ. ती निघालीच तर पुन्हा काढायचे.

तुम्ही विचाराल, मग खेळाडू मैदानात मुद्दाम चेंडू सोडतात की काय? तसे नाही. खेळाडूची पुढची रोजी त्याच्या आजच्या खेळावर ठरते. आणि पुढच्या वर्षी जो नवा मुलगा यायचा, तो त्याचीच जागा घेणार. तो जीव तोडूनच खेळतो. हरणे ठरते ते कचेरीत. चांगले खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकायचे, बदल्यात पुढच्या वर्षांच्या पाळ्या घ्यायच्या. किरकोळ दुखण्यावर कोणाला महिनाभर बसवायचे. अननुभवी पोरांना पुढे करायचे. ह्यात नियमभंग कुठे दाखवाल? शिवाय १९९५ पासून नव्या खेळाडूंचे पहिले पगार ठरावीक श्रेणीत बांधले गेले. म्हणजे असामान्य खेळाडू काही वर्षे स्वस्तात मिळू लागला. हरण्याचा भाव आणखी वधारला.

ही विद्या टोकाला नेली ती, योगायोग पाहा, बर्ट बेल ह्यांच्याच फिलाडेल्फियाने. २०१३ साली ‘सेव्हंटीसिक्सर्स’ संघाचे जनरल मॅनेजर म्हणून सॅम हिंकी आले. हिशेबी माणूस. मधल्या पायरीवर लोंबकळणारा संघ ना अजिंक्यपद मिळवतो ना पहिली पाळी, म्हणून आधी तळ गाठावा, असे त्यांचे गणित. तीन हंगामांत संघाने २४६ पैकी ४७ सामने जिंकले, १९९ हरले. त्यातला तिसरा हंगाम तर १० विजय आणि ७२ पराभव असा. प्रेक्षकांपैकी काही जण चिडले. पण काहींनी ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ अशी घोषणाच केली, आणि हरणाऱ्या संघाचे ते भक्त बनले. ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. तिकिटाचे पैसे भरून पराभव पाहायचा, आणि त्यात भविष्याचे सुख मानायचे! २०१६ च्या एप्रिलमध्ये हिंकी तेरा पानी पत्र लिहून पायउतार झाले. त्यांनी निवडलेला जोएल एंबीड २०२३ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, ही जमेची बाजू. पण २०२५ पर्यंत त्या संघाला बाद फेरीचा दुसरा टप्पा काही ओलांडता आला नव्हता. १९९ पराभवांची किंमत वसूल झाली की नाही, असे विचारायचा मोह होतो.

फिलाडेल्फियाचा हा पवित्रा पाहून २०१४ च्या ऑक्टोबरात सुधारणेचा ठराव आला. तीस संघांपैकी सतरा बाजूने, तेरा विरुद्ध. मंजुरीला तेवीस मते लागतात, म्हणून तो पडला. ते तेराही मुद्दाम हरण्याचे समर्थक होते, असे समजू नका. लहान शहरांची एक खरी भीती होती. नावाजलेला खेळाडू मोकळा झाला की तो लॉस एंजेलिस, मायामी अशा ठिकाणी जाऊ पाहतो; लहान गावात आपण होऊन कोण येतो? त्यांच्या हाती मोठा खेळाडू लागायचा तो ड्राफ्टमधूनच. तोही दरवाजा अरुंद करू नका, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते. बॉस्टनच्या माइक झॅरन ह्यांनी तर हरण्या-जिंकण्याचा संबंधच तोडणारे चक्र सुचवले होते : तीस वर्षांत प्रत्येक संघाला प्रत्येक पाळी एकेकदा. हरून काहीच मिळायचे नाही. मात्र मग दुबळ्याने आपल्या पाळीची वाट किती वर्षे पाहायची? ते चक्र कागदावरच राहिले.

अखेर २०१७ च्या सप्टेंबरात अठ्ठावीस मतांनी सुधारणा मंजूर झाली. ओक्लाहोमा सिटीने विरोध केला, डॅलस तटस्थ राहिले. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना शेकडा १४ अशी सारखीच संधी आली, आणि सोडत पहिल्या चार पाळ्यांपर्यंत वाढली. म्हणजे तळाचा संघ आता पाचव्यापर्यंत घसरू शकत होता. घसरलाच. डेट्रॉइटचा संघ २०२३ साली सर्वांत तळाला होता. पाळी मिळाली पाचवी. पुढच्या हंगामात तो लागोपाठ २८ सामने हरला, एकूण १४ च जिंकला. पाळी पुन्हा पाचवी. २०२५ मध्ये यूटाचीही तीच गत झाली.

आणि मुद्दाम हरणे थांबले काय? डॅलसचे मालक मार्क क्यूबन ह्यांनी २०१८ साली उघड बोलून दाखवले, की हरण्यातच आपले हित आहे असे मी माझ्या खेळाडूंना सांगितले. सहा लाख डॉलर दंड झाला. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच डॅलसने, बाद फेरीची आशा शिल्लक असताना, शिकागोविरुद्ध आपले प्रमुख खेळाडू बसवून ठेवले, कारण पहिल्या दहांत पाळी आली नाही तर ती न्यूयॉर्कला द्यावी लागणार होती. साडेसात लाख डॉलर दंड झाला. पाळी मात्र दहावी आली आणि त्यांच्याकडेच राहिली.

त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसने आपला लाडका लुका डोंचिच लॉस एंजेलिसला देऊन टाकला. शहर संतापले. तरी संघ ह्या वेळी खरोखर जिंकण्यासाठी खेळत होता. ३९ सामने जिंकून तो बाद फेरीच्या उंबरठ्यावरच्या लढतींपर्यंत गेला आणि मेंफिसकडून हरला. तो सामना जिंकला असता तर त्याचे नाव सोडतीत पडलेच नसते. पडले, ते शेकडा १.८ संधीने. सोडत निघाली १२ मे २०२५ ला, न्यूयॉर्कच्या त्या सात पाकिटांना बरोबर चाळीस वर्षे झाली त्या दिवशी. चेंडू वर आले, आणि पहिली पाळी डॅलसची लागली.