पळसाच्या शास्त्रीय नावातला उमराव : लॉर्ड ब्यूट

जॉन स्टुअर्ट, तिसरे अर्ल ऑफ ब्यूट (२५ मे १७१३ – १० मार्च १७९२) : स्कॉटिश उमराव, ब्रिटनचे पंतप्रधान, वनस्पतींचे अभ्यासक आणि कला-विज्ञानाचे आश्रयदाते. फाल्गुनात केशरी फुलांनी बहरणाऱ्या आपल्या पळसाचे शास्त्रीय नाव ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’ असे आहे. त्यातील ‘ब्यूटिया’ हा शब्द याच गृहस्थांच्या नावावरून आला. ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एकबीजी. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते.

पूर्वायुष्य

ब्यूट यांचा जन्म एडिंबरोचा. नऊ वर्षांचे असताना वडील वारले आणि अर्ल हा किताब त्यांच्याकडे आला. मामांनी त्यांचा सांभाळ केला. ईटन येथील शाळेनंतर त्यांनी हॉलंडमधील लायडन विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. १७३६ मध्ये त्यांचा विवाह झाला. देवी टोचण्याची तुर्कस्तानातील पद्धत इंग्लंडात रुजवण्यासाठी झटणाऱ्या लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या त्यांच्या सासूबाई. लग्नानंतरची काही वर्षे ब्यूट बेटावरील आपल्या वतनात झाडाझुडपांचा अभ्यास करण्यात गेली.

राजघराणे आणि क्यू उद्यान

१७४७ मध्ये शर्यतीच्या मैदानावर पाऊस आला, युवराज फ्रेडरिक यांच्या तंबूत पत्त्यांना एक भिडू कमी पडला आणि ब्यूट यांना बोलावणे गेले, असे सांगतात. तेथून राजघराण्याशी त्यांचा घरोबा जमला. १७५१ मध्ये युवराज वारले. पुढे त्यांच्या मुलाच्या, म्हणजे भावी राजे तिसरे जॉर्ज यांच्या शिक्षणाची जबाबदारी ब्यूट यांच्यावर आली. मुलाच्या आई ऑगस्टा यांनी १७५९ मध्ये लंडनजवळ क्यू येथे वनस्पती उद्यान सुरू केले, ते ब्यूट यांच्या सल्ल्याने. आज जगभर नावाजलेल्या क्यू उद्यानाची ही सुरुवात होय.

अकरा महिन्यांचे पंतप्रधानपद

मे १७६२ मध्ये ते पंतप्रधान झाले. सप्तवार्षिक युद्ध मिटवणारा पॅरिसचा तह (१७६३) त्यांच्याच कारकिर्दीत झाला. या तहाने फ्रान्सला पाँडिचेरी परत मिळाले. शत्रूला फार सवलती दिल्या, अशी ओरड झाली. सफरचंदाच्या मद्यावरील कराने लोक आणखी बिथरले. त्यांच्या नावाचा उच्चार ‘बूट’सारखा, म्हणून जमाव रस्त्यात बूट फासावर लटकवी आणि जाळी. एप्रिल १७६३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आश्रयदाते

आपल्याच स्कॉटिश माणसांची सोय लावतात, हा त्यांच्यावरचा मोठा आक्षेप. तो अगदी निराधार नव्हता : वास्तुविशारद रॉबर्ट ॲडम, नाटककार जॉन होम अशा अनेक स्कॉटिश गुणिजनांना त्यांनी हात दिला. पण स्कॉटिशांची सतत टिंगल करणारे इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांना वर्षाला ३०० पौंडांचे राजवेतन मिळाले तेही ब्यूट यांच्याच काळात. जॉन्सन यांनी आपल्या कोशात ‘पेन्शन’ शब्दाचा अर्थ उपहासाने दिला होता, त्यामुळे ते कचरले. हे वेतन केलेल्या कामासाठी आहे, पुढे करावयाच्या कामासाठी नाही, अशी ग्वाही ब्यूट यांनी दिली.

हा आश्रय सर्वांनाच लाभला असे नाही. ब्यूट यांच्या प्रोत्साहनाने जॉन हिल यांनी वनस्पतींवर २६ खंडांचा सचित्र ग्रंथ काढला आणि त्यात ते आर्थिकदृष्ट्या बुडाले. पुढे हिल यांच्या पत्नीने याबद्दल ब्यूट यांना जाहीरपणे दोष दिला.

अखेरची वर्षे

राजकारण सुटले, वनस्पती सुटल्या नाहीत. ब्रिटनमधील वनस्पतींवरचा नऊ खंडांचा ग्रंथ त्यांनी स्वखर्चाने छापला. प्रती काढल्या फक्त १२, आणि त्या निवडक व्यक्तींना भेट दिल्या. १७९० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वनस्पती गोळा करताना ते कड्यावरून पडले. दोन वर्षांनी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. दफन ब्यूट बेटावर झाले.

भारतात काम केलेले स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्या लेखनातून ‘ब्यूटिया’ हे नाव शास्त्रात रूढ झाले. ज्यांच्या नावाने लंडनच्या रस्त्यांवर बूट जाळले गेले, त्यांचे नाव अशा रीतीने आपल्या पळसाला कायमचे जोडले गेले.