प्रवेश मिळाला, पण पदवीपर्यंत टिकायचे कसे?

कोपरीतून स्टेशनचा पूल ओलांडला की ठाणे पश्चिमेची कॉलेजे गाठता येतात; मुंबईची कॉलेजेही लोकलच्या अंतरावर आहेत. त्यामुळे आपल्या मुलांपुढे प्रवेशापेक्षा टिकण्याचा प्रश्न मोठा आहे. घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलाला केटी लागते, त्यात घरी पैशांची ओढाताण असते. तो पार्सल पोहोचवण्याच्या कामाला लागतो आणि ‘पुढच्या वर्षी पेपर देईन’ म्हणता म्हणता शिक्षण सुटते. ही गळती थांबवण्यासाठी हाताशी काय आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवे.

शिष्यवृत्ती : भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असल्यास राज्याची फ्रीशिप योजना पाहावी. दोन्हींचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. पहिल्या वर्षी अर्ज मंजूर झाला म्हणून पुढचे पैसे आपोआप येत नाहीत. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये अडकला आहे का, तेही तपासत राहावे.

स्वाधार : शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी ही योजना २०१६-१७ पासून आहे. ती स्थानिक रहिवाशांसाठी नाही. म्हणजे कोपरीत राहून ठाण्यात शिकणाऱ्याला लाभ नाही, पण शिकायला पुण्याला किंवा नागपूरला गेलेल्याने अटी पाहून जरूर अर्ज करावा.

नोकरी करून शिक्षण : बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. नोकरदार विद्यार्थ्यांसाठी तिथे सकाळचे वर्ग होते. काम करणे म्हणजे शिक्षण संपणे नव्हे, हे त्यातून घ्यायचे. आज यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला आहे.

भेदभाव : रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांना आपण गमावले. दोघांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमावलीत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. आपल्या कॉलेजात ते कोण आहेत, हे विचारा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

वस्तीचे काम : अमेरिकेत लॅटिनो विद्यार्थ्यांची अशीच गळती पाहून कॅलिफोर्नियातील एका कॉलेजात १९८१ साली ‘पुएन्ते’ उपक्रम सुरू झाला. भाषेचे पक्के शिक्षण, समुपदेशन आणि समाजातील शिकलेल्या व्यक्तीची सोबत, अशी त्याची रचना आहे. आपल्या विहारातही हे जमेल. नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने एका मुलाची तीन वर्षांची जबाबदारी घ्यावी. फॉर्म भरला का, केटीचा पेपर कधी आहे, इंग्रजी कुठे अडते, एवढे महिन्यातून एकदा विचारले तरी पुष्कळ. बारावीच्या सत्कारासोबत दुसऱ्या वर्षात गेलेल्यांचीही यादी करा. जे नाव यादीत नसेल, त्याच्या घरी आधी जा.